त्या मिनिटांत तू काय बोलायचीस

आत्या,

लग्नाआधी मी तुला 'तू' म्हणायचे. अंगाला हळद लागली आणि तू 'तुम्ही' झालीस. मांडवात माझ्या तोंडून एकदा चुकून 'आत्या, तू जेवलीस का?' निघालं, तर भोवतीच्या बायकांनी मला केवढं दटावलं होतं. 'सासूला तू म्हणत्यात व्हय गं?' तू नुसती हसलीस. म्हणू दे तिला, माझ्या भावाची पोर आहे, असं म्हणाली नाहीस. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. आता त्या बायका इथं नाहीत आणि अडवायला तूही नाहीस, म्हणून परत 'तू' म्हणतेय.

घरात अजून माणसं येतायत. कोपरखैरण्यातल्या आपल्या ह्या दोन खोल्यांत बसायला जागा नाही, चपला पार जिन्यापर्यंत गेल्यात. गावाकडची येतात, मार्केटातली येतात, शेजारणी तर दिवसभर आहेतच. आणि येणारी प्रत्येक बाई पदरानं डोळे टिपत एकच बोलते, 'लई सोसलं हो तुमच्या सासूनं. आजारी सून सांभाळली, पण कधी तोंडातून शब्द काढला नाय.' आजारी सून म्हणजे मी. मी समोरच बसलेली असते. शेजारणीनं केलेला चहा त्यांच्या पुढं करते आणि मनात म्हणते, शब्द काढला नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?

तुला एक गोष्ट सांगायची राहिली, आत्या. तू शुद्धीवर असताना ती मला सांगता आली नाही, त्याला कारण होतं. आता सांगते, पण पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरुवात केली की 'कुठलं कुठं नेतीस, नीट सांग की' म्हणून तू ओरडायचीस.

मला फिट येते हे गावात सगळ्यांना माहीत होतं. हातपाय झाडणारी, फेस काढणारी ती फिट नव्हती. आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, जिना उतरताना पायरी चुकल्यावर होतं ना, तसं. मग समोरचं सगळं आधी एकदा घडून गेलंय असं वाटायचं. आणि त्यापुढं काही नाही. माझे डोळे उघडे असायचे म्हणे, पण मी त्यात नसायचे. तोंड काही चघळावं तसं हलायचं आणि बोटं पदराच्या काठाशी काहीतरी टिपत राहायची. लोक म्हणायचे, लागीर आहे. बघायला आलेली स्थळं पोहे खाऊन जायची आणि परत यायची नाहीत.

मग त्या वर्षी तू जत्रेला आलीस. जेवणं झाली, अजून तुझे हात ओले होते, आणि तू माझ्या वडिलांना म्हणालीस, 'दादा, ही मला दे.' शेजारणीकडं पातेलं मागावं तसं मागितलंस. वडील रडायला लागले. मी दाराआड उभी होते. मामाची पोरगी करायची रीत आपल्यात आहेच, त्यामुळं गावाला नवल वाटलं नाही. तुझ्या लेकानं नाही म्हटलं नाही, पण तो कशालाच नाही म्हणत नाही. मला मात्र वडिलांचं ते रडणं ऐकून एकच कळलं. ही मला न्यायला आलेली नाही. ही भावाच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आलीय.

ती गाठ मी बरोबर घेऊन आले. तुझ्या घरात मिरचीचा आणि हळदीचा वास भरलेला असायचा. मामंजी मसाला मार्केटात माथाडी होते, त्यांच्या माघारी तुझा लेक त्याच कामाला लागला. तो घरी आला की तू त्याला दाराबाहेरच सदरा काढायला लावायचीस, तरी जेवताना आपण तिघंही शिंकत असायचो. त्या घरात मला काय कमी होतं? काहीच नाही. पण तू मला गॅसपाशी एकटीला उभं राहू द्यायची नाहीस. न्हाणीची कडी लावू द्यायची नाहीस. रस्ता ओलांडताना मनगट असं धरायचीस की तुझ्या बांगड्यांचे वळ उठायचे. मी बारावी शिकलेली, बालवाडीत शिकवायला बोलावत होते, तर म्हणालीस, 'लोकांची पोरं हायती. कायतरी झालं म्हंजी?' मग आपलं भांडण व्हायचं. मी म्हणायचे, 'भावासाठी आणलंत मला. कीव आली म्हणून आणलंत.' त्यावर तुझं उत्तर ठरलेलं होतं.

'गप ए.'

बस्स, एवढंच. ना हो, ना नाही. किती वर्षं आपण हे एकच भांडण केलं असेल!

फिटला तू 'निवडणं' म्हणायचीस. माझी बोटं हलायची ती तांदूळ निवडल्यासारखी दिसायची म्हणून. पाहुणे बसलेले असले की तू आत येऊन लेकाला हळूच सांगायचीस, 'ती निवडाय बसलीय, तू बाहेर बस.' आणि दुसरी तुझी रीत म्हणजे पदर. फिट आली की तू आधी आपला पदर माझ्या तोंडावर टाकायचीस. एकदा बोनकोड्याच्या बाजूला आपण मासळी घ्यायला गेलो होतो आणि मी तिथंच निवडायला बसले. त्यातलं मला काही आठवत नाही. पुढच्या खेपेला त्या मासेवालीनंच सांगितलं, 'मी वरडले, गो कांदा आना कुनी, चप्पल हुंगवा तिला. तं तुजी सासू माज्याच अंगाव आली. वाघीन हाय गो ती. तुज्या तोंडाव पदर टाकला नि उभी राह्यली, कोनाला जवल येव दिला नाय.' तू मागं उभी राहून बोंबलाचा भाव करत होतीस, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं चाललंय.

दर वेळी भानावर आले की मी तुला विचारायचे, 'मी काय केलं?'

'काय न्हाय. निवडत व्हतीस.'

'काही बोलले का?'

'न्हाय.'

'आणि तुम्ही काय करत होतात?'

'मी काय करणार? बसले व्हते.'

मला ह्याचा संताप यायचा. माझ्या आयुष्यातली ती मिनिटं माझ्याकडं नव्हती, सगळी तुझ्याकडं होती, आणि तू त्यातलं काही द्यायला तयार नव्हतीस.

गोळ्या बदलून झाल्या, डॉक्टर बदलून झाले. शेवटी वाशीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, फिट मेंदूच्या एकाच कोपऱ्यातून निघत असेल आणि तो कोपरा नेमका सापडला, तर ऑपरेशन करून ती थांबवता येते. साध्या फोटोत तो दिसत नव्हता. त्यासाठी रक्ताचा माग काढायला हवा होता.

तुला ते सगळं समजून घ्यायचं होतं. डॉक्टरांपुढची खुर्ची ओढून बसलीस. त्यांनी सांगितलं ते असं. फिट येते तेव्हा मेंदूतला तो कोपरा भलताच कामाला लागतो. काम वाढलं की त्याला रक्त जास्त लागतं, मग तिथल्या शिरा मोकळ्या होतात आणि रक्त तिकडं धाव घेतं. एरवी, फिट नसते तेव्हा, त्याच कोपऱ्याला बाकीच्या मेंदूपेक्षा कमी रक्त मिळत असतं. म्हणून फिट सुरू होताच, अगदी त्याच क्षणाला, शिरेतून एक औषध सोडायचं. थोडे किरण सोडणारं औषध. ते रक्ताबरोबर जातं आणि जिथं पोचतं तिथं चिकटून बसतं. फिट थांबल्यावर सावकाश फोटो काढला तरी त्या क्षणी रक्त कुठं धावलं होतं ते दिसतं.

तू म्हणालीस, 'म्हंजी मार्केटात मालाची गाडी लागली की सगळी मानसं त्याच गाळ्याव पळत्यात, तसं.'

डॉक्टर हसून म्हणाले, 'तसंच, आजी. पण उशीर झाला तर उपयोग नाही. फिट पसरली की रक्त भलतीकडं जातं. संपली की तो कोपरा ओस पडतो.'

'आन मंग कापनार?'

'ते नंतर बघू.'

'न्हाय, आत्ताच सांगते,' तू म्हणालीस, 'फोटू काडा. डोक्याला सुरी लावू द्यायची न्हाय मी.'

आणि मी तिथंच, डॉक्टरांसमोर, म्हणाले, 'दादाला काय उत्तर द्यायचं, ह्याचीच काळजी ना तुम्हाला?' तू माझ्याकडं बघितलंस. 'गप ए' सुद्धा म्हणाली नाहीस.

हॉस्पिटलातले ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं, आत्या. आधी त्यांनी माझ्या डोक्याला वायरी चिकटवल्या. 'डोक्याव शेवया वाळत घातल्यात' असं तू वॉर्डभर सांगत सुटलीस. मग गोळ्या कमी केल्या, फिट यावी म्हणून. ज्या फिटनं येऊ नये म्हणून तू वर्षानुवर्षं मंगळवार धरलेस, तिची आता वाट बघायची होती. औषध सकाळी तयार करून शिशाच्या डबीतून आणायचे आणि ते दुपारपर्यंतच चालायचं. शबाना सिस्टर ते सलाईनच्या नळीला जोडून माझ्या उशाशी स्टुलावर बसून राहायची. आणि माझी फिट अशी गुणाची, की औषधाची वेळ टळून गेल्यावर संध्याकाळी यायची. मी भानावर यायचे तर तू कमरेवर हात ठेवून फिटला शिव्या देत असायचीस, 'आता आलीस व्हय सटवे, समदं उरकल्याव?'

शबाना सिस्टर पनवेलची, मूळची रायगडच्या किनाऱ्यावरची. तिची आणि तुझी गट्टी जमली ती सोड्यांवरून, सुकवलेल्या कोळंबीवरून. ती सोड्यांच्या खिचडीत काय घालतात ते सांगायची आणि तू 'अगं, त्यात वांगं घालून बग' म्हणायचीस. फिट सुरू होताना वायरींच्या कागदावर रेघा उमटेपर्यंत उशीर होतो, म्हणून बेलचं बटण घरच्या माणसाच्या हातात देतात. माझं निवडणं सगळ्यांच्या आधी तुलाच दिसायचं, म्हणून ते तुझ्या हातात होतं.

आणि त्या दिवशी वेळेत फिट आली. शेजारच्या खाटेला भेटायला पाचसहा माणसं आलेली होती. माझी बोटं चादरीवर हलायला लागली. तू बघितलंस. आणि हातातली बेल टाकून तू पदर माझ्या तोंडावर पसरलास आणि त्या माणसांच्या आणि माझ्या मध्ये जाऊन उभी राहिलीस. शबाना सिस्टर त्याच वेळी पाठ वळवून पलीकडच्या खाटेचं सलाईन बघत होती. तिला कळेपर्यंत उशीर झाला. औषध गेलं, फोटोही निघाला, पण त्यात काही कळत नव्हतं, सगळीकडं सारखं पसरलेलं. डॉक्टर चिडले. 'आजी, तुम्हाला बेल दाबायला सांगितलं होतं, झाकायला नाही.'

तू उलटून बोलली नाहीस. तू! बसमध्ये कंडक्टरशी भांडणारी तू, खाली मान घालून उभी होतीस. दुपारी जेवली नाहीस. मग कधीतरी खिडकीकडं बघत म्हणालीस, 'हात आपोआप गेला गं.' मला तेव्हा वाटलं, तू मुद्दाम केलंस. ऑपरेशन नको म्हणून केलंस. ते मी बोलून दाखवलं नाही, पण तुला कळलं असणार, कारण तू म्हणालीस, 'उद्या मी पदर खोचून बसते.'

आणि खरंच बसलीस. नऊवारीचा पदर कमरेला असा आवळून खोचलास की सिस्टर म्हणाली, 'आजी, श्वास तरी घ्या.' तशी तू रोज बसत राहिलीस. मग एका सकाळी माझ्या पोटातून ते वर चढलं, मी 'आत्या' एवढंच म्हणाले म्हणे, आणि तू बेल दाबलीस. सिस्टरनं औषध सोडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. एक फिट नसतानाचा, त्यात उजव्या कानामागं एक जागा काळपट. दुसरा फिटमधला, त्यात तीच जागा लालभडक. तू चष्मा लावून जवळ जाऊन बघितलंस.

'एवढंसंच?' तू म्हणालीस. 'माज्या पोरीचा समदा तरास ह्या एवढ्याशा जाग्यात?'

'माज्या पोरीचा' म्हणालीस. मी ते ऐकलं, पण म्हटलं, चुकून निघालं असेल.

घरी सोडायच्या दिवशी शबाना सिस्टर माझ्या केसांत चिकटलेला तो गोंद स्पिरिटनं काढत होती. तू चहा आणायला खाली गेली होतीस. ती म्हणाली, 'ताई, एक विचारू का? तुमच्या सासूबाई फिटमध्ये तुमच्याशी बोलतात, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?'

मी म्हटलं, 'बोलत नाहीत. नुसत्या बसतात.'

'अहो, कसल्या बसतात! मी होते ना तिथं. बेल दाबली आणि तुमच्या कानाशी वाकल्या. त्यांच्याच बोलीत सांगते. म्हणाल्या, माजी बाय ती. हाय मी, हितंच हाय. भ्यायचं न्हाय. तुला काय म्या दादासाठी न्हाय आनली. तू मला हवी व्हतीस. एवढीशी व्हतीस, माज्या पायाव झोपायचीस, तवापास्नं हवी व्हतीस. आता कुनाला देनार न्हाय मी तुला. असं सारखं चाललं होतं, तुम्ही भानावर येईपर्यंत. संध्याकाळच्या फिटांतपण असंच बोलायच्या. आणि तुमची नजर जरा जागेवर आली की सरळ उठून म्हणायच्या, झालं निवडून? ऊठ आता.' सिस्टर हसत होती. मग माझ्याकडं बघून तिनं हातातला बोळा बाजूला ठेवला.

तू चहा घेऊन आलीस. 'डोळं का लाल गं?'

'स्पिरिट गेलं.'

'बगून घालावं की, सिस्टर,' तू म्हणालीस, आणि माझे डोळे आपल्या पदरानं पुसलेस, जरा जोरातच.

हीच ती गोष्ट, आत्या. मला माहीत होतं. तेव्हापासून माहीत होतं. मी भांडणात जे विचारत होते त्याचं उत्तर तू दर वेळी देत होतीस, फक्त मी घरात नसताना येऊन देत होतीस. मी बोलले असते तर तू लाजून मेली असतीस आणि पुढच्या फिटला खरोखरच नुसती बसून राहिली असतीस. ते मला नको होतं. ऐकू येत नसलं तरी ते बोलणं मला हवं होतं.

आणि तिथंच माझी पंचाईत झाली. ऑपरेशन मला हवं होतं. एकटीनं रस्ता ओलांडायचा होता, न्हाणीची कडी लावायची होती, मूल हवं होतं. पण फिट गेली की ती मिनिटंही जाणार होती. तू घरात 'डोकं फाडून घेनार व्हय?' म्हणून भांडत होतीस, आणि तुझ्याशी भांडता भांडता माझाच पाय मागं पडत होता. मी डॉक्टरांना एकदा एकटीनं विचारलं, 'फिटमध्ये कुणी कानाशी बोललं तर आत पोचतं का हो?' ते म्हणाले, 'तुमच्या बाबतीत बहुतेक नाही. पोचलं तरी साठत नाही.' म्हणजे तू ओतत होतीस ते सगळं वाहून जात होतं. मग मी सही केली. तुझ्याशी त्यावर बोलले नाही.

तू शेवटपर्यंत 'हो' म्हणाली नाहीस. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हावी डोकं भादरायला यायच्या आत तू मला पुढ्यात बसवलंस आणि वाटीभर खोबरेल चोळून वेणी घातलीस. डोक्याला काही लावू नका म्हणून सांगितलेलं होतं. वॉर्डमधल्या मावशीनं साबण लावून तीनतीनदा डोकं धुतलं आणि तुला बोल बोल बोलली. तू म्हणालीस, 'काडायचीच हायती केसं, तर तेल लावल्याली काडा.' तुझ्या बोटांना माझ्या डोक्याशी एवढा वेळ पहिल्यांदाच मिळाला होता, निदान मी भानावर असताना. मी डोळे मिटून बसले होते. तेव्हा बोलली असतीस तर?

बोलली नाहीस.

फिट थांबली. गोळ्या चालू राहिल्या, पण निवडणं थांबलं. मी पहिल्यांदा एकटी रस्ता ओलांडून भाजी घेऊन आले, तेव्हा तू गॅलरीत उभी होतीस आणि मी वर पोचल्यावर म्हणालीस, 'कोथमीर जून आनलीस.' ऑपरेशन बरोबर होतं हे तू कधी कबूल केलं नाहीस. 'गोळ्यांनीच थांबलं असतं,' हे तुझं, आणि 'मग इतकी वर्षं का नाही थांबलं?' हे माझं. हेही भांडण अर्धं राहिलं. आणि एक तुला सांगते, हसू नकोस. कधी कधी दुपारी तू शेजारी लवंडलेली असायचीस आणि मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा पोटातून ते वर चढावं.

मग आपली ठमी झाली. तिला पायावर घेऊन न्हाऊ घालताना तू तोंडानं जे सुरू करायचीस, 'माजी बाय ती, माजी सोनी ती, कुनाला देनार न्हाय मी', ते मी ओट्यापाशी उभी राहून ऐकायचे. दूध उतू जायचं. तू ओरडायचीस, 'लक्ष कुटं हाय तुजं?' लक्ष तिथंच होतं, आत्या. त्यातला अर्धा वाटा मी न विचारता घेत होते. ठमीला आता तुझ्यासारखंच 'गप ए' म्हणता येतं. काल ती ते शोक करायला आलेल्या एका बाईला म्हणाली.

तुझं दुखणं फार वेळ चाललं नाही. सकाळी ठमीची वेणी घालत होतीस, हातातला कंगवा पडला, तोंड वाकडं झालं, आणि तू जे बोलायला गेलीस ते शब्द नव्हतेच. वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, मेंदूच्या मोठ्या भागाला रक्तच पोचत नाहीये. तुझ्या लेकाला ते कळेना, तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मला एका वाक्यात कळलं. माझ्या डोक्यात रक्त एका कोपऱ्याकडं धावत सुटायचं, तुझ्या डोक्यात ते वाटेतच अडलं होतं. कुठं अडलंय ते फोटोत स्पष्ट दिसत होतं, आणि करण्यासारखं काही नव्हतं. ह्या जगात तुझ्यासाठी एक बेल दाबायला मला मिळाली नाही, ह्याचं मला फार फार वाईट वाटतं.

तुझा लेक गावाकडं फोन करायला खाली गेला. वॉर्डात दुपारची सामसूम होती. तुझे डोळे अर्धे उघडे होते आणि तू त्यात नव्हतीस. बाहेरून हे कसं दिसतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं तू हे बघत होतीस. भीती वाटते गं. आणि जे भिऊन बसलंय, त्यानंच 'भ्यायचं न्हाय' म्हणायचं असतं.

मी तुझ्या कानाशी वाकले. म्हटलं, आत्या, मी आहे, इथंच आहे. म्हटलं, मला सगळं माहीत आहे, सिस्टरनं सांगितलं होतं. म्हटलं, तू मला दादासाठी आणली नाहीस, आणि मीही काही नाइलाज म्हणून राहिले नाही तुझ्याकडं. मला तू हवी होतीस. त्या वर्षी दाराआड उभी होते ना, तेव्हा वडील नाही म्हणतील ह्याचीच मला भीती होती. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, पण तूसुद्धा कुठं सांगितलंस? बोलता बोलता रडायला आलं, पण थांबले नाही. ठमीचं सांगितलं, कोथिंबीर जून नव्हती हेही सांगितलं.

वॉर्डातली मावशी फरशी पुसत पुसत खाटेपाशी आली. जरा वेळ ऐकत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, 'ताई, त्यांना काय ऐकू येत नाय आता. कशाला घसा सुकवताय?'

'ठाऊक आहे, मावशी,' मी म्हटलं. 'म्हणून तर बोलून घेतेय. शुद्धीवर आली की ही मला बोलू द्यायची नाही.'